बियांची ताटली

परवा आमच्या नातसुनेने एक डबा आणला. प्लास्टिकचा, वर सीताफळाचं चित्र. आत नुसता गर, बिया काढलेला, बर्फासारखा गार. म्हणाली, "आजी, खा. काही कटकट नाही." मी चमचाभर खाल्ला. गोड होता. वाईट काही नव्हतं. पण तोंडाला कामच उरलं नव्हतं, जीभ नुसती बसून राहिली. मी डबा परत दिला आणि म्हटलं, "परचुऱ्यांनी हे बघितलं असतं तर विचारलं असतं, आधी कोणी चावलंय हे?"

"कोण परचुरे?" म्हणाली, आणि उत्तर यायच्या आत फोनकडे वळली. तिला सांगायचं राहिलं ते इथे लिहिते.

मी सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या पायरीशी पाटी मांडून बसायचे. माहेर माझं सासवडच्या पुढचं. भाऊ पहाटेच्या एसटीच्या टपावर करंड्या चढवायचा, मी स्वारगेटला उतरवून घ्यायचे आणि हातगाडीवर टाकून पेठेत आणायचे. श्रावण सरता सरता सीताफळं सुरू व्हायची, दिवाळीनंतर संपायची. मग अंजीर, मग पेरू. पण नाव पडलं ते सीताफळवालीच. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. बोलते गावाकडचं, लिहिते तेवढं शाळेतलं.

पेठेतली माणसं सीताफळ कशी घेतात हे सांगायला मला कोणाला विचारावं लागत नाही. बायका अंगठ्याने दाबून बघायच्या. एक ठेवायचं, दुसरं दाबायचं, तिसरं दाबायचं आणि घ्यायचं पहिलंच. दाबलेलं फळ दुसऱ्या दिवशी काळं पडतं. मग तीच बाई दुसऱ्या दिवशी येऊन नाक मुरडायची, "आज काळी का हो?" कॉलेजातले एक सर रोज विचारायचे, "आतून चांगलं आहे ना?" मी सांगायचे, "आत जाऊन आले न्हाई." खोल्या घेऊन राहणारी पोरं एकच फळ घ्यायची, तिथेच उभ्या उभ्या फोडायची आणि थुंकलेली बी गटारात कोणाची लांब जाते ते बघायची. कोणी तांदळाच्या डब्यात पिकत घालायचं आणि विसरायचं, मग मुंग्यांची रांग बघून आठवायचं. एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी. प्रत्येकाला आजचं फळ पाहिजे. थांबायला कोणी तयार नाही.

परचुरे थांबायला तयार होते.

बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. तिथे ते बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे, सूर लावून द्यायचे. अंगात पांढरा सदरा, खाली लेंगा, डोक्यावर काळी टोपी आणि चष्मा सदा नाकाच्या शेंड्यावर. दिवसभर पेटीच्या पट्ट्या दाबायचं काम. पण सीताफळ त्यांनी दाबलेलं मी एकदाच बघितलं. ते पुढे सांगते.

पहिल्यांदा आले तेव्हा फळाकडे न बघता मला विचारलं, "तुमचं नाव काय?"

"फळ घ्यायला नाव कशाला लागतंय?"

"तक्रार करायची झाली तर कोणाची करू?"

मी नाव सांगितलं. "हौसाबाई," ते म्हणाले, "मला एक सीताफळ द्या. शुक्रवारी संध्याकाळी खायचं आहे." त्या दिवशी मंगळवार होता.

"काका, फळ म्हंजे काय एसटी हाय का, वेळेवर यायला?"

"एसटी तरी कुठे वेळेवर येते? लोक उभे राहतातच ना."

मग त्यांनी तळहात पुढे केला, उघडा. म्हणाले, "ठेवा." मी एक ठेवलं. त्यांनी ते क्षणभर तोललं, "नको" म्हणाले. दुसरं ठेवलं. "नको." तिसरं राहू दिलं. बोट म्हणून लावलं नाही फळाला. शनिवारी सकाळी कामावर जाताना पाटीपाशी थांबून एवढंच म्हणाले, "काल रात्री पिकलं. एसटीपेक्षा बरं."

तेव्हापासून ते ठरलेलं गिऱ्हाईक झाले. भाव करायचे नाहीत. भाव ऐकला की गंभीर तोंडाने म्हणायचे, "बसा. घर विकून येतो," आणि खिशात हात घालायचे. त्यांची पिशवी बघण्यासारखी होती. जुन्या गोधडीच्या कापडाची, जाड, आत तीन कप्पे शिवलेले. पहिल्या कप्प्यात आजचं फळ, दुसऱ्यात उद्याचं, तिसऱ्यात परवाचं. कप्पा कधी बदलायचा नाही. एकदा मी घाईत उद्याचं आजमध्ये टाकलं, तर रस्त्यातून परत आले. "हौसाबाई, तुम्ही माझा बुधवार बिघडवलात."

पिशवी शिवली होती मंदाने, त्यांच्या मुलीने. दोघंच घरात. बायको मंदा लहान असताना गेली. कशाने ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

एकदा झडीचा पाऊस लागला, परचुरे दोन दिवस आले नाहीत. माझ्या पाटीत चार फळं उरलेली, त्यांचं राहतं घर माझ्या वाटेवर, म्हणून जिना चढून गेले. दार उघडंच होतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून परचुरे बसले होते, बाह्या कोपरापर्यंत वर. समोर फोडलेलं सीताफळ, शेजारी एक छोटी पितळी ताटली. मी म्हटलं, "काका, फळं आणली—" तर त्यांनी एक बोट वर केलं. माझ्याकडे बघितलंही नाही. मी दारात उभी राहिले. फळ संपेपर्यंत त्या घरात कोणी बोलायचं नाही अशी रीत होती. एकेक पाकळी तोंडात जायची, गाल जरा हलायचा आणि बी ताटलीत यायची. काळी, कोरडी, धुवून पुसल्यासारखी. सालाला चिकटलेला रवाळ भाग त्यांनी शेवटी दाताने खरवडला. मग बोट खाली केलं आणि म्हणाले, "हं. काय म्हणत होतात?"

मंदा वेगळी. ती खिडकीत बसून खायची आणि तिथूनच बी ताटलीत फुंकायची. टण्ण वाजायचं. बाप म्हणायचा, "ही ताटली काळी चारमध्ये आहे. तू बेसूर फुंकतेस." ती म्हणायची, "मग ताटलीला सूर लावा, बाबा. तुमचाच धंदा आहे."

मुलगी चांगली होती. एका विम्याच्या कचेरीत टाइपिस्ट. दिसायला साधी, बोलायला बापासारखी. स्थळं येत होती. गोंधळ झाला तो परचुऱ्यांमुळे.

मुलगी बघायला येतात तेव्हा घरोघरी पोहे करतात. परचुऱ्यांनी पोहे बंद केले. पाहुणे बसले की प्रत्येकापुढे एक पिकलेलं सीताफळ आणि एक ताटली. चमचा नाही. हंगाम नसेल तेव्हा ते बोलणीच लांबवायचे. लोक म्हणाले, डोकं फिरलंय. त्यांचं म्हणणं असं, की पोहे सगळेच नीट खातात. तोंड मिटून, चमच्याने, वाहवा करत. त्यात माणूस दिसत नाही. सीताफळ खाताना हात माखतात, तोंडातून बी काढावी लागते, सगळ्यांसमोर. तिथे सोंग फार वेळ टिकत नाही. पाहुणे गेले की परचुरे दिव्याखाली ताटल्या घेऊन बसायचे आणि बिया बघायचे.

पहिला मुलगा बँकेतला. कपडे कडक इस्त्रीचे. त्याने सगळं फळ संपवलं, रुमालाने ओठ टिपले, मंदाला दोन प्रश्न विचारले, गेला. ताटली कोरी. एक बी नाही. मुलीसमोर थुंकायची लाज वाटली म्हणून बिया गिळून टाकल्या होत्या त्याने. परचुरे दुसऱ्या दिवशी मला सांगत होते, "हौसाबाई, जो पहिल्याच दिवशी बिया गिळतो, तो पुढे काय काय गिळील आणि आपल्याला पत्ता लागणार नाही."

"लाजला असंल बिचारा."

"पोट दुखलं असेल त्याचं रात्री. घरात कोणाला सांगितलं नसेल. असा माणूस नको."

दुसऱ्याच्या बरोबर त्याची आई होती. तिने विचारलं, "चमचा मिळेल का?" परचुरे म्हणाले, "मिळेल, मंडईच्या बाजूला भांड्यांची दुकानं आहेत." मग त्या बाईने मुलाचं फळ स्वतःकडे ओढलं, बोटांनी बिया काढल्या आणि गर त्याच्यापुढे सरकवला. त्याने मुकाट खाल्लं. वय असेल अठ्ठावीस-तीस. मंदाने मला हे सांगितलं तेव्हा हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण हसणं संपल्यावर ती म्हणाली, "मावशी, आता पेठेत सगळे म्हणतात, परचुऱ्यांची मुलगी फळात अडकली."

खरंच म्हणत होते. माझ्या पाटीपाशीच म्हणायचे. म्हणून एक दिवस मी परचुऱ्यांना तोंडावर सांगितलं, "काका, पोरीचं वय चाललंय. तुमच्या फळापायी घरात बसंल ती. फळ मी विकते, तरी सांगते."

ते कप्प्यात फळ ठेवत होते. ठेवून झालं, पिशवीचं तोंड बांधलं, मग म्हणाले, "माझ्या बहिणीच्या वेळी पोहे होते. मीच आणून दिले त्याच्या हातात. फार छान बोलला. आम्ही सगळे खूश. दोन वर्षांनी तिला घरी आणली तेव्हा तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. फार जगली नाही." आणि चालू लागले.

मी त्यानंतर त्यांना त्याबद्दल बोलले नाही.

पुढच्या हंगामात, दसऱ्याच्या आधी, मंदा दुपारी पाटीपाशी आली. बरोबर एक उंच, सावळा मुलगा. तिच्याच कचेरीतला, शरद नाव. कोकणातला, राजापूरकडचा. म्हणाली, "मावशी, हे रविवारी त्यांच्या काकांना घेऊन आमच्या घरी येणार आहेत. बाबांना वाटतंय कचेरीतल्या कोणीतरी सुचवलेलं स्थळ आहे. ह्यांनी आयुष्यात सीताफळ खाल्लेलं नाही."

"फणस खाल्लाय," तो म्हणाला. "त्याच्या बिया आम्ही भाजून खातो."

"ह्याच्या भाजू नका," मी म्हटलं.

दवाखाना दुपारी बंद असायचा. त्या पायरीवर त्याची शिकवणी सुरू झाली. कचेरीच्या मधल्या सुट्टीत दोघं यायची, मंदा फळ फोडून द्यायची. शरद खायला लागला की बोलायला लागायचा. ऑफिसातलं, गावचं, समुद्राचं. बिया शर्टावर, गर मिशीत.

"तुम्ही आधी बोलणं बंद करा," मंदा म्हणायची. "खाताना बोललात की बाबा तिथेच संपवतील."

"एवढं गोड खाताना गप्प कसा बसू?"

"बी गिळली का आत्ता?"

"एकच. चुकून."

"एकही नाही. आणि फळात काही शिल्लक ठेवायचं नाही. कसंही असलं तरी संपवायचं. कळलं?"

तो मान हलवायचा. मला वाटायचं, ह्याच्याने होत नाही. पण पोरगा खोटा नव्हता. फळ आवडलं की आवडलं म्हणायचा, हात चिकट झाले की विचारून माझ्या हंड्यातलं पाणी घ्यायचा आणि हंडा जागेवर ठेवायचा.

शेवटच्या दिवशी तो पुढे गेल्यावर मंदा मागे थांबली. मला म्हणाली, "मावशी, रविवारी चांगल्यातलं चांगलं फळ द्या. बाबा नाही म्हणाले तर मी त्यांच्या मनाविरुद्ध जाणार नाही. ह्यांना सांगेन, दुसरीकडे बघा. आणि मग मला परत कोणाला बघायचं नाही." हे सगळं तिने पदराचं टोक न चाळवता, रस्त्याकडे बघत सांगितलं. मी म्हटलं, "देते."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परचुरे आले.

"हौसाबाई, रविवारी चार फळं लागतील. तुम्ही स्वतः घेऊन या, पिशवीत फुटतात. तीन पिकलेली. चौथं फसवं द्या."

"म्हंजे?"

"वरून पिकलेलं, आत गाठ असलेलं. तुम्हाला कळतं कुठलं ते."

कळतं, त्यात काही मोठं नाही. सालीवरचे एका बाजूचे डोळे उघडतात, दुसऱ्या बाजूचे मिटलेले राहतात, ते फळ आत कच्चं. सगळे विकणारे ओळखतात. मी म्हटलं, "तसली फळं मी बाजूला टाकते. विकत न्हाई."

"मग टाकलेलं द्या."

"कशापायी?"

त्यांनी चष्मा वर ढकलला. "मंदा ह्या वेळी काही बोलत नाही. मागच्या दोघांच्या वेळी आठवडाभर आधीपासून टिंगल चालली होती. ह्या वेळी गप्प. म्हणजे हा तिला आवडलेला आहे. आता मला जास्त जपायला पाहिजे. चांगलं फळ हा नीट खाईल. वाईट निघाल्यावर काय करतो ते मला बघायचंय."

मी हो म्हटलं. आणि मंदाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याला तेही पढवलं असतं आणि मग बघण्यात काही अर्थ राहिला नसता. बहिणीचं ऐकल्यावर मला बापही खोटा वाटत नव्हता. पण दोन दिवस माझ्या घशाखाली भाकरी नीट उतरली नाही. कारण त्या मुलाला तिने सांगून ठेवलं होतं, कसंही असलं तरी संपवायचं. तो मुकाट कच्चं गिळणार आणि बाप नाही म्हणणार, हे मला दिसत होतं.

रविवारी फळं घेऊन गेले. परचुऱ्यांनी ताटल्या स्वतः मांडल्या, फळं स्वतः ठेवली. मंदाने फळांकडे बघितलं, मग माझ्याकडे. चारही फळांची साल वरवर सारखीच दिसत होती. मी रिकामी पाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसले. कोणी जा म्हणालं नाही.

शरदचे काका बसल्या बसल्या म्हणाले, "अरे वा. पोहे नाहीत वाटतं."

"पोहे तुमच्याकडे घरी होत असतील," परचुरे म्हणाले.

सगळ्यांनी फळं फोडली. शरद शिकवल्याप्रमाणे गप्प. पहिली पाकळी, बी ताटलीत. दुसरी, बी ताटलीत. बऱ्यापैकी स्वच्छ. मंदा पाण्याचे पेले घेऊन उभी होती, तिचे खांदे जरा खाली आले. मग तो दुसऱ्या बाजूला पोचला आणि चावला. कर्र असा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. कच्च्या बटाट्यासारखी गाठ होती ती.

त्याने चावणं थांबवलं. मंदाकडे बघितलं. तिला काय झालं ते कळलं नव्हतं, तिने हळूच मान हलवली, खा म्हणून. परचुरे त्यांच्या फळातून वर बघत नव्हते, पण त्यांचा गाल हलत नव्हता. माझ्या हातात पाटीची एक काडी मोडली.

शरदने तोंडातली गाठ हातात काढली. लपवली नाही, रुमालात घेतली नाही. ताटलीत बियांपासून वेगळी ठेवली आणि परचुऱ्यांना म्हणाला, "काका, हे कच्चं आहे. मला नाही खाता येणार."

"अरे शरद—" त्याचे काका म्हणाले. परचुऱ्यांनी एक बोट वर केलं. काका गप्प झाले.

"मग?" परचुऱ्यांनी विचारलं.

"मग काही नाही. तुमचं चांगलं निघालंय का?"

"निघालंय."

"तर मला त्यातलं थोडं द्या. चार दिवस शिकवणी घेतलीय मी, ती फुकट जाईल."

मंदाने डोळे मिटले.

"कोणाकडे?" परचुरे म्हणाले.

त्याने सरळ मंदाकडे हात केला. "ह्यांच्याकडे. दवाखान्याच्या पायरीवर." आणि मग आठवून माझ्याकडे. "ह्या मावशी पण होत्या. फळं त्यांचीच."

परचुऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी पाटीत बघितलं. पाटीत काही नव्हतं.

त्यांच्या पुढ्यात अर्धं फळ तसंच होतं, न उष्टावलेलं. ते त्यांनी उचललं आणि शरदच्या ताटलीत ठेवलं. दोघं खायला लागले. मध्येच शरद म्हणाला, "हे मात्र—" आणि बोट वर गेलं. तो थांबला. पण हसू त्याच्या तोंडावर राहिलं, आणि बोट खाली यायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला.

पाहुणे उठले, जिना उतरले. परचुरे दिव्याखाली शरदची ताटली घेऊन बसले. मंदा भिंतीला टेकून उभी. त्यांनी एकेक बी बोटाने फिरवून बघितली. मग ती गाठ उचलून बघितली, परत ठेवली.

"बिया नीट नाहीत," ते म्हणाले.

मंदा भिंतीपासून सुटून जवळ आली.

"गर राहिलाय सगळ्यांना. हे बघ. इथे. इथे पण." त्यांनी ताटली तिच्या हातात दिली. "शिकवणी चालू ठेव. घरी ठेव म्हणजे झालं, पायरीवर नको."

मंदा ताटली घेऊन मोरीकडे गेली. पाणी बराच वेळ वाहत राहिलं, एक ताटली धुवायला लागतं त्याहून पुष्कळ जास्त. मी पाटी उचलली.   घरी जाऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी परचुरे आले. म्हणाले, "हौसाबाई, तुम्ही दोन्ही बाजूंनी होतात."

"मी पाटीच्या मागं होते. दोघंबी माझी गिऱ्हाइकं."

"मला सांगितलं नाहीत."

"तिला तरी कुठं सांगितलं?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग दवाखान्याच्या पायरीवर बसले. इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काल झोप लागली," म्हणाले.

"रोज लागत न्हाई व्हय?"

"अशी नाही."

सकाळची गर्दी सुरू होत होती. एक बाई आल्या, चार फळं दाबून एक घेऊन गेल्या. परचुरे ते बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला. मी नेहमीप्रमाणे तळहातावर फळ ठेवायला गेले तर त्यांनी ते पाटीतूनच उचललं आणि अंगठ्याने चांगलं दाबलं. साल दबून गर वर आला.

"काका, दाबलंत तुम्ही."

"हो. बघायचं होतं एकदा, लोकांना काय मिळतं त्यात." अंगठा चाटला. "ते मीच घेतो. आजच्या कप्प्यात टाका."

लग्न झालं. मंदा आणि शरद कोथरूडला राहायला गेली, तेव्हा तिकडे अजून शेतं होती. परचुरे पेठेतच राहिले. सांगायला गेलं तर पुढे फार काही घडलं नाही आणि ते बरंच झालं. हंगामात शरद रविवारी यायचा, दोघं ताटल्या घेऊन बसायचे. मंदा सांगायची की शरद अजून मधेच बोलतो आणि बाबा अजून बोट वर करतात, पण कधीकधी विसरतात.

मी त्यांना शेवटचं बघितलं तेव्हा त्यांचं पेटीचं काम सुटून बरीच वर्षं झाली होती. हात कापायचे. दिवाळीनंतरचे दिवस, शेवटच्या करंड्या. शरदबरोबर सावकाश चालत आले. पिशवी तीच, गोधडीची, कड विरलेली, पण आता शरदच्या खांद्याला. परचुऱ्यांनी तळहात पुढे केला. मी फळ ठेवलं. हात हलत होता, फळ त्याबरोबर हलत होतं. त्यांना काही कळेना. त्यांनी ते शरदच्या तळहातावर ठेवलं.

शरदने जरा तोललं. "उद्याचं," म्हणाला.

"आजचं आहे."

"उद्याचं, बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला इचारू नका. दोघंबी माझी गिऱ्हाइकं."

परचुरे हसले. त्यांना हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही. "एकच द्या. आजचं," म्हणाले. "परवाचा कप्पा आता कशाला भरायचा?"

"परवाचं मी खाईन," शरद म्हणाला, आणि दोन फळं वाकून स्वतः उचलली, उद्याच्या आणि परवाच्या कप्प्यात घातली. न दाबता.

"बिया नीट काढ."

"आता निघतात."

मग ते निघाले. आजचं फळ परचुऱ्यांनी पिशवीत टाकू दिलं नाही. उघड्या तळहातावर घेऊन चालले होते, दुसरा हात मोकळा. हात कापत होता आणि फळ मऊ होतं. पेठेत सायकली, रिक्षा, शाळा सुटलेली पोरं. मी मागून हाक मारली, "काका, पडंल ते."

त्यांनी वळून बघितलं नाही. मोकळ्या हाताचं एक बोट वर केलं.

मी गप्प बसले. कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होते. पडलं नाही.